धाप लागते तेव्हा शरीरात काय घडते?

रेल्वेस्थानकावरील पादचारी पुलाचा जिना घाईने चढल्यावर धाप लागली, की फुप्फुसांना हवा अपुरी पडत असावी, असा सर्वसाधारण समज आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत तो खरा नाही. अशा वेळीही फुप्फुसांतून बाहेर पडणाऱ्या रक्तात प्राणवायूचे प्रमाण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्ताइतकेच असते. श्रमाची कमाल मर्यादा बहुतांशी हृदय ठरविते आणि त्यामुळेच हृदयविकार अनेकदा जिन्यावरच प्रथम प्रकट होतो.

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाच्या हृदयाचे मिनिटाला साधारणतः ७० ठोके पडतात. प्रत्येक ठोक्यासरशी सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलले जाते. म्हणजेच मिनिटाला जवळपास ५ लिटर. शरीरातील एकूण रक्तही साधारण तेवढेच असल्याने मिनिटाभरात सर्व रक्ताची एक फेरी पूर्ण होते. हृदयाची उजवी बाजू तेवढेच रक्त त्याच वेळी फुप्फुसांकडे पाठवीत असते. श्वास मिनिटाला १२ ते १५ वेळा घेतला जातो आणि प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. त्यातील १५० मिलिलिटर हवा श्वासनलिका आणि तिच्या शाखांमध्येच राहते. वायुकोशांपर्यंत ती पोहोचत नाही. शरीर मिनिटाला केवळ २५० मिलिलिटरच्या आसपास प्राणवायू वापरते. हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात सुमारे तीन चतुर्थांश प्राणवायू शिल्लक असतो. श्रमाच्या वेळी ही शिल्लक उपयोगी पडते.

हृदयाची स्वतःची गती मिनिटाला १०० ठोक्यांच्या आसपास असते. मेंदूकडून येणारा एक मज्जातंतू तिला लगाम घालून ७० वर आणतो. श्रमाला प्रारंभ होताच, किंबहुना शर्यतीच्या रेषेवर उभे असतानाच, हा लगाम सैल होतो. पुढची वाढ अन्य मज्जातंतू आणि अ‍ॅड्रेनलिन यांच्यामुळे होते. प्रत्यारोपित हृदयाच्या बाबतीत ही बाब स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेत मज्जातंतू तुटलेले असल्याने असे हृदय विश्रांतीतही जलद चालते आणि श्रम सुरू झाल्यावर त्याची गती सावकाश वाढते. भारतात पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण १९९४ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले.

कमाल श्रमात निरोगी तरुणाचे हृदय मिनिटाला २० लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पुरविते. या रक्ताचे वाटपही बदलते. विश्रांतीत स्नायूंना एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा मिळतो, तर तीव्र श्रमात सुमारे ८० टक्के. आतडी आणि मूत्रपिंडे यांचा वाटा त्या वेळी घटतो. मेंदूचा पुरवठा मात्र कायम राखला जातो. भरपेट जेवणानंतर धावणे जड जाते, त्यामागे पचनसंस्था आणि स्नायू यांची ही ओढाताणही असते. उन्हाळ्यात शरीर थंड राखण्यासाठी त्वचेलाही अधिक रक्त द्यावे लागते. साहजिकच तेवढ्याच चालण्याला हृदयाचे ठोके अधिक पडतात.

फुप्फुसांची राखीव क्षमता मोठी आहे. विश्रांतीत ६-७ लिटर हवा हाताळणारी फुप्फुसे तीव्र श्रमात मिनिटाला १०० लिटरहून अधिक हवा हाताळतात. विश्रांतीत तांबडी रक्तपेशी वायुकोशाभोवतीच्या केशवाहिनीत सुमारे पाऊण सेकंद थांबते. प्राणवायू भरून घेण्यास तिला पाव सेकंद पुरतो. रक्ताचा वेग वाढूनही काम भागते ते यामुळेच. काही अव्वल दर्जाच्या धावपटूंमध्ये मात्र रक्त इतक्या वेगाने वाहते की हा अवधीही अपुरा पडतो.

मग धाप का लागते? श्वासाचे नियंत्रण मुख्यतः रक्तातील कार्बन डाय ऑक्साईड आणि आम्लता यांवर अवलंबून असते. श्रम तीव्र झाले की स्नायूंत लॅक्टिक आम्ल वाढते; ते निष्प्रभ करताना कार्बन डाय ऑक्साईड अधिक तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास जलद होतो. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतपत श्रम मध्यम मानले जातात. वाक्य तुटू लागले की ते तीव्र झाले असे समजावे.

दमा किंवा फुप्फुसांचे जुनाट विकार असल्यास ही मर्यादा फुप्फुसे ठरवितात, हे उघड आहे. रक्तक्षय असल्यास प्रत्येक ठोक्यात कमी प्राणवायू पोहोचतो आणि हृदयाला अधिक धावावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. ‘जिना चढवत नाही’ ही तक्रार वयाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी रक्ताची तपासणी झालेली बरी.

नियमित व्यायामाने ‘दम वाढला’ असे म्हटले जाते. वास्तविक फुप्फुसांचा आकार फारसा वाढत नाही. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, त्यामुळे विश्रांतीतील ठोके कमी होतात. कसलेल्या धावपटूंमध्ये ते ५० च्याही खाली आढळतात.

हृदयाच्या स्नायूची स्थिती मात्र इतर स्नायूंसारखी नाही. तो विश्रांतीतच आपल्याला मिळणाऱ्या रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. शिल्लक अशी फारशी नसल्याने श्रमात त्याला अधिक रक्तच हवे असते आणि ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळते. ठोके वाढले की नेमका हाच अवधी आखडतो. निरोगी रोहिणी प्रसरण पावून ही उणीव भरून काढतात. चरबीच्या थराने अरुंद झालेल्या रोहिणींना ते साधत नाही. बसलेल्या माणसाला कोणताही त्रास नसतो. जिन्यावर छातीत दाब येतो, कधी तो डाव्या हातात वा जबड्यात जाणवतो आणि थांबल्यावर ओसरतो. विश्रांतीत काढलेला हृदयाचा विद्युत आलेख अशा वेळी निर्दोष असू शकतो. म्हणूनच डॉक्टर सरकत्या पट्ट्यावर चालवून, टप्प्याटप्प्याने वेग आणि चढ वाढवीत आलेख घेतात. मधुमेही रुग्णांत छातीतील वेदना मुळीच नसून केवळ नेहमीपेक्षा अधिक धाप, एवढेच लक्षण असू शकते. थांबल्यानंतरही काही मिनिटांत दाब ओसरला नाही, तर चाचणीची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.