थेट परकी गुंतवणूक का घटते?

परदेशी कंपनीने दुसऱ्या देशात उद्योग उभारणे किंवा तिथल्या कंपनीत किमान १० टक्के हिस्सा घेणे म्हणजे थेट परकी गुंतवणूक. तिला ओहोटी लागण्याची काही कारणे संयुक्त अरब अमिरातीत, विशेषतः अबू धाबीतल्या अल रीम आयलंड या बेटाच्या वाटचालीत, स्पष्ट दिसतात.

पतटंचाई : २००८ च्या जागतिक संकटात बँकांनी हात आखडला. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई सरकारच्या दुबई वर्ल्ड या कंपनीने कर्जफेडीला मुदतवाढ मागितली. त्या वर्षी अमिरातीत आलेली परकी गुंतवणूक आदल्या वर्षाच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती. रीमवर टॉवर उभारणारी सोरूह कंपनी २०१३ मध्ये अल्दार या कंपनीत विलीन झाली.

मालकीची बंधने : अमिरातीत मुक्त क्षेत्रांबाहेरच्या कंपन्यांत साधारणपणे ५१ टक्के हिस्सा स्थानिकांचा असावा लागे. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत १०० टक्के परकी मालकीची मुभा आहे.

कायद्याची अनिश्चितता : वाद कोणत्या न्यायालयात, कोणत्या कायद्याने सुटेल हे ठाऊक नसेल, तर गुंतवणूकदार थांबतो. २०२३ मध्ये अबू धाबी ग्लोबल मार्केट या वित्तीय मुक्त क्षेत्राचे कार्यक्षेत्र अल मारिया बेटावरून रीमपर्यंत वाढवले गेले. तिथे इंग्लिश कॉमन लॉ लागू होतो आणि स्वतंत्र न्यायालये आहेत.

बाहेर जाणारा पैसा : हे कारण रीमऐवजी भारताच्या आकड्यांत दिसते. २०२४-२५ मध्ये भारतात थेट परकी गुंतवणुकीचे सुमारे ८१ अब्ज डॉलर आले. परंतु परकी कंपन्यांनी माघारी नेलेली रक्कम आणि भारतीय कंपन्यांची परदेशातील गुंतवणूक वजा जाता निव्वळ ओघ अगदी नगण्य उरला. म्हणून घट मोजताना एकूण आणि निव्वळ, दोन्ही आकडे पाहणे अत्यावश्यक ठरते.