मागून येणारी ती गाडी

रेसिंग गेममध्ये कितीही सफाईने गाडी चालवली, तरी शेवटच्या फेरीत कॉम्प्युटरची गाडी मागून येऊन चिकटते. आणि आपण कठड्याला धडकून मागे पडलो, की तीच गाडी रमतगमत चालू लागते. असं का? दौंड तालुक्यातल्या खुटबावहून एका शाळकरी वाचकाने हा प्रश्न विचारला आहे, आणि त्याची शंका बरोबर आहे. बऱ्याच गेममध्ये हे मुद्दाम केलेलं असतं.

या युक्तीला ‘रबर बँडिंग’ म्हणतात. खेळाडू फार पुढे गेला की कॉम्प्युटरच्या गाड्यांचा वेग वाढवायचा, तो मागे पडला की त्यांचा वेग उतरवायचा. १९९२च्या ‘सुपर मारिओ कार्ट’पासून ही युक्ती सर्वांच्या ओळखीची आहे. एकट्याने पुढे पळत राहण्यात गंमत नसते, म्हणून ती निघाली. मौजेच्या खेळात ती शोभतेही. पण ‘हुबेहूब खऱ्यासारखी शर्यत’ असं पाकिटावर छापणाऱ्या गेममध्ये ती असली, तर ती खेळाडूची फसवणूकच आहे.

दुसरी लबाडी सहज दिसत नाही. जुन्या गेममध्ये खेळाडूच्या गाडीला भौतिकशास्त्राचे नियम लागू असत आणि कॉम्प्युटरच्या गाड्या आधी आखून ठेवलेल्या रेषेवरून सरकत. त्यांची चाकं घसरत नसत, कारण घसरण्याचं गणित त्यांच्यासाठी केलेलंच नसे. प्रोसेसरची ताकद अपुरी होती, हे त्याचं खरं कारण. मात्र यामुळे शर्यत विषम होत असे. एकाने निसरड्या रस्त्यावर धावायचं आणि दुसऱ्याने रुळांवर.

म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या अकलेची चौकशी करण्याआधी टायरची चौकशी करावी लागते. इथे नाव घ्यायला हवं ते हान्स पाचेयका (१९३४–२०१७) यांचं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाचे हे प्राध्यापक गेमच्या जाहिरातीत कधी दिसले नाहीत. जाहिराती चकाकत्या बॉनेटच्या आणि रस्त्यावरच्या पावसाच्या असतात. पण स्टिअरिंग वळवल्यावर गाडी आपल्या हाताखाली आहे असं ज्यामुळे वाटतं, त्याचं मोठं श्रेय पाचेयकांना जातं.

ताशी शंभर किलोमीटरने धावणारी मोटार रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकलेली असते, आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं. वळणावर टायरचं तोंड एका दिशेला असतं आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल किंचित वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधला कोन वाढेल तसं टायरचं बाजूला खेचणारं बळ आधी सरळ वाढत जातं. मग वाढ मंदावते, काही अंशांवर शिखर येतं आणि त्यानंतर रबर घसरू लागतं. कसलेला ड्रायव्हर या शिखराच्या काठावर गाडी राखतो. नवखा ते ओलांडतो आणि गिरकी घेतो.

ही वक्ररेषा मूळ तत्त्वांवरून काढणं महाकठीण आहे. रबर ताणलं जातं, काही भाग रस्त्याला चिकटून राहतो, काही सरकतो, तापतो. पाचेयकांनी वेगळी वाट धरली. व्होल्वोमधल्या इंजिनिअरांसह १९८७ साली मांडलेल्या सूत्रात त्यांनी साइन आणि आर्कटॅन या शाळा-कॉलेजात भेटणाऱ्या फलनांची अशी गुंफण केली, की चार-पाच स्थिरांक बदलले की प्रयोगशाळेत मोजलेल्या टायरची वक्ररेषा जवळजवळ जशीच्या तशी उतरते. एक स्थिरांक शिखराची उंची ठरवतो, दुसरा सुरुवातीचा चढ, तिसरा आकार, चौथा शिखराजवळचा बाक. सूत्र असंच का, याला भौतिकशास्त्रीय उत्तर नाही, म्हणून त्याचं नाव पडलं ‘मॅजिक फॉर्म्युला’. मोटार कंपन्यांनी ते उचललं, पाठोपाठ गेम लिहिणाऱ्यांनी.

या सूत्राला मर्यादाही आहेत. टायर किती घसरतो हे काढताना गाडीच्या वेगाने भागावं लागतं. गाडी उभी राहिली की भाजक शून्य! जुन्या सिम्युलेटरमध्ये थांबलेली गाडी जागच्या जागी थरथरताना दिसते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

टायरचं गणित प्रामाणिक झालं, की कॉम्प्युटरलाही त्याच टायरवर गाडी चालवायला लावता येतं. मग त्याला खरोखर शिकावं लागतं. २००० सालच्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली २.०’मध्ये ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीचे जेफ हॅनन यांनी गाड्या हाकायला न्यूरल नेटवर्क वापरलं. आज घरोघरी पोचलेल्या ‘एआय’च्या कितीतरी आधीची ही गोष्ट. २००५च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’साठी मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी ‘ड्रायव्हटार’ तयार केला. खेळाडू वळण कसं घेतो ते पाहून तो त्याच्या धाटणीने गाडी चालवायला शिकत असे.

पण शिकायचं नेमकं काय? इथे बैलगाडा शर्यतीचा दाखला चपखल बसतो. दौंडहून भीमेपलीकडे शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांत गाडा एकटा धावतो. समोर घोडी, बाजूला घड्याळ, आणि सर्वांत कमी सेकंदांत पोचेल तो घाटाचा राजा. सातारा-सांगलीकडे मात्र आखलेल्या चाकोऱ्यांतून अनेक गाड्या एकाच वेळी शेजारी-शेजारी सुटतात. तिथे नुसता वेग पुरत नाही, शेजारच्या बैलजोडीची धास्तीही सोसावी लागते. कॉम्प्युटरला घड्याळाविरुद्धची शर्यत लवकर साधली. शेजारी कुणीतरी असताना धावणं त्याला फार उशिरा जमलं.

याचा उत्तम पुरावा सोनीच्या ‘ग्रॅन टुरिस्मो सोफी’ या रेसिंग गेममध्ये गाडी चालवणाऱ्या एआयने दिला. तिला गाडी चालवण्याचे नियम कुणी सांगितले नव्हते. चुका करायच्या, बक्षीस किंवा दंड घ्यायचा, पुन्हा सुरुवात करायची. दोन-एक दिवसांत ती बहुतेक माणसांपेक्षा वेगवान झाली. पुढचे सेकंदाचे बारीक अंश खरवडून काढायला मात्र आणखी नऊ-दहा दिवस लागले, आणि अनेक प्लेस्टेशनवर मिळून सुमारे ४५ हजार तासांचं ड्रायव्हिंग झालं. जुलै २०२१मध्ये जपानच्या अव्वल खेळाडूंशी गाठ पडली. घड्याळाविरुद्ध सोफी जिंकली. चार विरुद्ध चार अशा सांघिक शर्यतींत माणसांनी तिला ८६–७० असं हरवलं. ऑक्टोबरमध्ये सुधारून आलेल्या सोफीने १०४–५२ अशी परतफेड केली. फेब्रुवारी २०२२मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने यावरचा शोधनिबंध छापला आणि ही कथा मुखपृष्ठावर घेतली.

या शोधनिबंधातला सर्वांत वाचनीय भाग शिष्टाचाराचा आहे. धडकेचा दंड कमी ठेवला तर सोफी दांडगाई करी, जास्त ठेवला तर बुजरी होई. शर्यतीत चूक कुणाची हे ठरवताना माणूस पंचही गोंधळतात. शेवटी संशोधकांनी चूक कुणाचीही असो, धडक झाली की दंड, असा नियम ठेवला आणि मागून ठोकण्याला वेगळी शिक्षा जोडली. प्रतिस्पर्ध्याला वळणावर गाडीभर जागा सोडणं हे वेगापेक्षा अवघड कौशल्य आहे, आणि सोफीची खरी कमाई तीच.

‘यंत्राने माणसाला हरवलं’ हे मथळे मात्र सावधपणे वाचावेत. सोफी पडद्याकडे बघत नव्हती. पुढचा रस्ता आणि इतर गाड्यांच्या जागा तिला थेट आकड्यांत मिळत होत्या. गिअर बदलणं तिच्याकडे नव्हतं. ठरावीक ट्रॅक आणि ठरावीक गाड्या यांसाठी तिला वेगवेगळं घडवावं लागलं होतं. सोलापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेली मोटार चालवण्याशी या विद्येचा संबंध फार दूरचा आहे.

ज्या वाचकाला हे सगळं स्वतः करून पाहायचं असेल, त्याला लांब जायला नको. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले संघ दरवर्षी ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी एकट्या ड्रायव्हरची छोटी रेसिंग कार स्वतः बांधतात. चॅसिसच्या नळ्या कापण्याआधी कॉम्प्युटरवर गाडी वळवून बघायची, तर टायरचे स्थिरांक लागतातच, आणि तिथे पहिली गाठ पडते ती पाचेयकांच्या सूत्राशी.