धारणाधिकार

धारणाधिकार : (लीन). दुसऱ्याची वस्तू कायदेशीरपणे ताब्यात असता, येणे रक्कम मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहिऱ्या मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवून घेऊ शकतो. मात्र तीन महिन्यांची उधारी कबूल केलेल्या शिंप्यास कोट अडविता येत नाही. कलम १७१ अन्वये, विरुद्ध करार नसल्यास, बँकांना एकूण येणे बाकीसाठी हा हक्क मिळतो. बँकेतर वित्तकंपन्यांना मात्र त्यासाठी स्पष्ट करार करून घ्यावा लागतो; म्हणून ऋणकोने सहीपूर्वी ही अट अवश्य वाचावी. नुसत्या धारणाधिकाराने सामान्यतः विक्रीचा हक्क येत नाही. तारणात तो वाजवी पूर्वसूचनेनंतर येतो. बँकेचा धारणाधिकार न्यायालयांनी गर्भित तारण मानला आहे. ताबा सोडल्यास हा हक्क सामान्यतः संपुष्टात येतो.