प्री-मेड सोडून बिझनेसकडे : अमेरिकेतील महाविद्यालयबदलाचा हिशेब

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते, त्यामुळे अठराव्या वर्षी डॉक्टर होण्याचे ठरवणारा विद्यार्थी तेथे प्रत्यक्षात कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालेला नसतो. तो चार वर्षांच्या साध्या पदवी अभ्यासक्रमात असतो आणि त्याच्या या वाटचालीला ‘प्री-मेड’ म्हटले जाते. बारावीनंतर ‘नीट’ देऊन थेट एमबीबीएसला जाण्याची रीत परिचित असलेल्या मराठी पालकांनी हा फरक आधी समजून घ्यायला हवा. प्री-मेड ही बहुतेक ठिकाणी स्वतंत्र पदवी नसते. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा विषयांचा तो संच असतो आणि त्याच्या जोडीला ‘एमकॅट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मुख्य विषय कोणताही चालतो; बिझनेसची पदवी घेता घेता हा संच पूर्ण करणाऱ्यालाही वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज करता येतो. म्हणजेच बिझनेसकडे वळणे हा वैद्यकाशी कायमचा काडीमोड ठरत नाही, आणि ही एक गोष्ट घरात नीट कळली तरी बरेच कढ आपोआप निवतात.

वाट बदलणे ही तेथे लाजिरवाणी बाब मानली जात नाही. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१७ मधील अहवालानुसार, पदवीला प्रवेश घेतलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश विद्यार्थ्यांनी पहिल्या तीन वर्षांत किमान एकदा मुख्य विषय बदलला होता. प्री-मेडच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा निर्णय बहुधा दुसऱ्या वर्षी, सेंद्रिय रसायनशास्त्राच्या सत्रांत पक्का होतो, कारण अनेक विद्यापीठांत हा विषय विद्यार्थ्यांची चाळणी लावणारा म्हणूनच ओळखला जातो. मात्र एका विषयात कमी गुण पडणे आणि वैद्यकाची ओढच नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर शिकवणी किंवा उन्हाळी सत्राचा उपाय चालतो, दुसरीवर चालत नाही.

विषय बदलायचा म्हणजे महाविद्यालयही बदलायलाच हवे असे नाही. विद्यापीठाचे स्वतःचे बिझनेस स्कूल असेल तर अंतर्गत बदलाचा अर्ज हा पहिला मार्ग असतो. त्यात मिळवलेली क्रेडिट शाबूत राहतात, शिष्यवृत्ती टिकण्याची शक्यताही अधिक असते. परंतु अनेक बिझनेस स्कूलांच्या जागा मर्यादित असतात आणि त्यांना गुणांची स्वतंत्र अट असते. हा मार्ग बंद असला किंवा त्या विद्यापीठात तो विभागच नसला, तरच दुसरीकडे जाण्याचा विचार करणे शहाणपणाचे.

दुसरीकडे जाताना खरा प्रश्न उभा राहतो तो क्रेडिटचा, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाला मिळणाऱ्या श्रेयांकांचा. पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात. समजा, दोन वर्षांनंतर एखाद्या विद्यार्थिनीच्या गुणपत्रकावर जीवशास्त्राची ८, सामान्य रसायनशास्त्राची ८, सेंद्रिय रसायनशास्त्राची ८, कलनशास्त्राची ४, संख्याशास्त्राची ३, इंग्रजीची ६, मानसशास्त्राची ३ आणि अर्थशास्त्राची ३ क्रेडिट आहेत. नव्या ठिकाणी कलन, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र बिझनेसच्या पूर्वअटींत बसण्याचा संभव असतो. इंग्रजी, मानसशास्त्र आणि थोडे विज्ञान सामान्य शिक्षणात मोजले जाते. पण सेंद्रिय रसायनशास्त्राची ८ क्रेडिट ‘मुक्त ऐच्छिक’ या खात्यात जाऊन पडतात, जेथे ती कागदावर जमा दिसतात आणि पदवी मात्र त्यांनी फारशी जवळ येत नाही. ‘किती क्रेडिट स्वीकारली?’ यापेक्षा ‘कोणत्या अटीसाठी स्वीकारली?’ हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर प्रवेश निश्चित करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली होती; हा आकडा कोणत्याही घराच्या अंदाजपत्रकाला हादरा देणारा आहे.

याहून कमी दिसणारी अडचण विषयांच्या साखळीची आहे. वित्तीय लेखाशास्त्रानंतर व्यवस्थापकीय लेखाशास्त्र, त्यानंतर वित्तव्यवस्थापन आणि अखेरीस व्यूहनीतीचा समारोपाचा अभ्यासक्रम अशी पायऱ्यांची रचना असल्याने, ६० क्रेडिट घेऊन आलेल्या पण लेखाशास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्याला उरलेली पदवी दोन वर्षांत पूर्ण करणे अवघड जाते. निर्णयाकडे झुकत असतानाच, जुन्या महाविद्यालयातील चालू सत्रात लेखाशास्त्र आणि सूक्ष्म अर्थशास्त्र घेऊन ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गुणांच्या बाबतीत एक बारकावा आहे. क्रेडिट नव्या ठिकाणी जातात, पण जीपीए, म्हणजे ४.० च्या मापावरील गुणांची सरासरी, बहुतेक विद्यापीठांत नव्याने मोजली जाते, त्यामुळे रसायनशास्त्रातला ‘सी’ तेथील सरासरीत दिसत नाही. तथापि पुढे मन पुन्हा वैद्यकाकडे वळले, तर ‘एएमकॅस’ या केंद्रीय अर्जव्यवस्थेत आधीच्या प्रत्येक महाविद्यालयाचे गुण द्यावेच लागतात.

शिकलेले विज्ञान वाया जात नाही, हे तर आवर्जून सांगायला हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सहाव्या हिश्श्याहून मोठा भाग आरोग्यसेवेवर खर्च होतो. रुग्णालय व्यवस्थापन, आरोग्यविमा, औषधनिर्मिती या क्षेत्रांना जीवशास्त्र जाणणारे हिशेबनीस आणि व्यवस्थापक हवेच असतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ मध्ये स्थापन झालेले व्हार्टन स्कूल तर जीवविज्ञान आणि व्यवस्थापन यांचा जोडअभ्यासक्रमही चालवते. प्रवेशाच्या निबंधात प्री-मेडची वर्षे लपवण्याऐवजी हा दुवा स्पष्ट मांडणे अधिक प्रामाणिक ठरते आणि उपयोगाचेही.

भारतातून एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्यांना आणखी एक पायरी आहे. त्यांची ‘सेविस’ या सरकारी प्रणालीतील नोंद जुन्या महाविद्यालयाने ठरलेल्या तारखेला नव्याकडे सोपवावी लागते आणि त्यानंतरच नवा ‘आय-२०’ दाखला मिळतो. शिवाय विज्ञान-तंत्रज्ञान गटातील पदवीधरांना बारा महिन्यांच्या कार्यपरवान्यावर आणखी चोवीस महिने मिळू शकतात. सर्वसाधारण बिझनेस पदवी या गटात मोडत नाही, व्यवस्थापनशास्त्रासारख्या काही शाखा मोडतात. दोन्हींच्या नावांत फरक थोडाच असतो, म्हणून पदवीचा सरकारी वर्गीकरण क्रमांक आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून मगच अर्जावर सही करावी.