गाडी तापते म्हणून ऑइल कूलर लावायचा का?

आजच्या भागाची सुरुवात एका व्हॉइस नोटनं करतो. मुरुमहून माझ्या चुलतभावानं पाठवली होती, रात्री साडेदहाला. "दादा, गाडी लई तापायलीय. इथं एकजण ऑइल कूलर बसवून देतो म्हणायलाय, पाच हजारात. टाकू का?"

त्याची गाडी म्हणजे जुनी पल्सर १५०, हवेवर थंड होणारी. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून रोज पहाटे मुरुमहून उमरग्याला आणि परत. पाच हजार ही त्याच्यासाठी गंमत म्हणून घालवायची रक्कम नाही. आणि गाडी चार दिवस उभी राहिली तर दूध चार दिवस घरात. म्हणून मी एका शब्दात "टाक" किंवा "नको" म्हटलं नाही. शिवाय हा उद्योग मी स्वतः एकदा करून बसलोय. ते सांगतोच.

आधी मूळ मुद्दा. पेट्रोल जळून जी ऊर्जा तयार होते, तिच्यातली ढोबळमानानं चौथा हिस्साच चाकापर्यंत जाते. बाकीची उष्णता. त्यातली बरीच सायलेन्सरमधून बाहेर पडते, उरलेली इंजिनच्या अंगात राहते आणि ती बाहेर काढावी लागते. हे काम सिलिंडरवरच्या फिन करतात, आणि त्यांच्याइतकंच ऑइल करतं. पिस्टनच्या खालून, हेडमधून, बेअरिंगमधून उष्णता उचलायची आणि खाली आणून सोडायची. ऑइल फक्त वंगण आहे असं आपण समजतो, पण ते इंजिनचं रक्ताभिसरणसुद्धा आहे.

हे ऑइल साधारण ९० ते ११० अंशांत सुखी असतं. १३०च्या पुढं गेलं की पातळ होतं, धातूंच्या मधला थर कमकुवत होतो. वर ते लवकर खराबही होतं. जुना ठोकताळा असा की दर १० अंशांमागं ऑइल सडायचा वेग जवळपास दुप्पट होतो. तेव्हा कूलरची कल्पना चुकीची अजिबात नाही. बजाजनंच २००७ साली पल्सर २२०ला कूलर दिला. रॉयल एनफिल्डच्या २०१६च्या हिमालयनला होता, ६५० ट्विन्सना आहे. सुझुकीनं तर १९८५च्या जीएसएक्स-आर ७५०मध्ये ऑइललाच मुख्य कूलंट केलं होतं, हेडवर ऑइलचे फवारे मारून.

पण इथंच ग्यानबाची मेख आहे. त्या गाड्यांमध्ये पंप, ऑइलच्या वाटा आणि कूलर यांचा हिशोब एकत्र केलेला असतो. आपण बाहेरून जोडतो तेव्हा प्रश्न येतो की ऑइल घ्यायचं कुठून? ज्या गाडीला बाहेरून आटे फिरवून बसणारा डबा-फिल्टर असतो, तिथं फिल्टरच्या आणि इंजिनच्या मध्ये एक चकती बसवून दोन पाइप काढता येतात. पल्सर १५०चा फिल्टर झाकणाच्या आत असतो. मग काही जण हेडकडं जाणाऱ्या लाइनमधून ऑइल घेतात. म्हणजे कॅमशाफ्टच्या तोंडचा घास काढून कूलरला द्यायचा. ऑइल थंड, पण वर पोचतंय कमी. हे तापण्यापेक्षा वाईट.

फिल्टर दुसरीकडं हलवायचा प्रकार त्याच जातीचा. बदलायला सोपं पडतं, थोडं जास्त ऑइल मावतं, पण पाइप लांब, जोड जास्त, आणि सकाळी स्टार्ट केल्यावर प्रेशर यायला क्षणभर उशीर. रोजच्या गाडीत मला तरी त्यात फायदा दिसत नाही.

आता माझी गोष्ट. नोकरीचं दुसरं वर्ष, हातात पैसे, यूट्यूबवर शिकलेलं ज्ञान. पुण्यात माझ्या १५०ला मी स्वतःच कूलर बसवला. मे महिन्यात गावी निघालो, सोलापुरात वडील मागं बसले. नळदुर्ग सोडलं आणि जळकोटच्या अलीकडं जळक्या तेलाचा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग मागचं चाक हलकं सरकल्यासारखं झालं. क्लच दाबून, ब्रेकला हात न लावता, गाडी कशीबशी कडेला घेतली. रबरी पाइप बेंड पाइपला घासून भोक पडलं होतं, आणि सगळं ऑइल मागच्या टायरवर. वडिलांचा पायजमा पोटरीपर्यंत काळा. या इंजिनात ऑइल असतं जेमतेम एक लिटर, आणि कूलरची लाइन प्रेशरची. रिकामं व्हायला किती वेळ लागतो? गाडी एका ढाब्यावर ठेवली, टेम्पोनं घरी आलो. वडील वाटेत एकच वाक्य बोलले, "कंपनीनं दिलं नव्हतं ते कशाला लावलास?" चूक सगळी माझी होती. पाइपला क्लिप मारली नव्हती.

म्हणून भावाला म्हटलं, आधी मोज. आम्ही कोड लिहिणारे लोक प्रोफाइल न करता कोड वेगवान करायला निघालो तर शिव्या खातो, तसंच हे. त्याच्या मित्राकडं इन्फ्रारेड गन होती. एक सूचना दिली, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं: उघड्या चमकत्या ॲल्युमिनियमवर ती गन खोटं, बरंच कमी तापमान दाखवते. एक ठिपका काळ्या मार्करनं रंगवायचा आणि रोज तिथंच मोजायचं.

मग ऑइल. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करून खिडकीत बघितलं, तर ऑइल दिसेचना. खाली काढलं तर कसंबसं पाऊण लिटर, डांबरासारखं. फिनच्या मध्ये चिखल आणि धूळ वाळून सिमेंट झालेलं. मागचं चाक हातानं फिरवलं, दीड फेरीत थांबलं. ड्रम ब्रेक इतका घट्ट केला होता की गाडी रोज ब्रेक लावूनच उमरग्याला जात होती. पेट्रोलचं मिश्रण कमी असलं किंवा टॅपेट घट्ट असले तरी इंजिन तापतं. मिस्त्रीनं तेही बघितलं, ते ठीक निघालं.

ब्रश आणि रॉकेलनं फिन साफ, ब्रेक सैल, २०डब्ल्यू-५० ऑइल नवीन. डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं बघून घ्या, कारण आपला क्लच त्याच ऑइलात बुडलेला असतो. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. सगळा खर्च सातशेच्या आत. त्याच रस्त्यावर, तेवढेच कॅन घेऊन, त्याच काळ्या ठिपक्यावर २६ अंश कमी.

आणखी एक गोष्ट त्याला पटायला वेळ लागला. कूलरला वारा लागतो. उसाच्या ट्रॉलीमागं पंधराच्या स्पीडनं रांगताना गाडी सगळ्यात जास्त तापते, आणि नेमका तेव्हाच पंखा नसलेला कूलर जवळपास नुसता टांगलेला असतो. उलट थंडीत पहाटे, थर्मोस्टॅट नसेल तर, तो ऑइलला नीट तापूच देत नाही. मग आतलं पाणी उडून जात नाही आणि ऑइल दुधाळ होतं.

काल परत व्हॉइस नोट आली. "गाडी आता बरी हाय दादा. पण एप्रिलात ऊन वाढलं आन् परत तापली तर?" मी म्हटलं, ठिपका पुसू नको. एप्रिलात परत मोजू, आणि तेव्हा लागलाच कूलर तर पाइप मी स्वतः येऊन बांधीन. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "तू सोडून कुणीबी चालंल."