‘बाजीगर’चा चष्मा, चित्रकाराचे ऋण

‘बाजीगर’ हा चित्रपट १९९३ साली आला. पोस्टरवर शाहरुख खान आणि त्याच्या चष्म्याच्या काचांत दोन नायिका. घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांनी १९९४ मध्ये हीच मांडणी उचलून ‘द बॉम्बे बकनीर’ रंगवले. नायकाच्या जागी ते स्वतः. काचांत डेव्हिड हॉकनी आणि भूपेन खख्खर. ही नक्कल नव्हे. खख्खर यांनी १९६०च्या दशकातच बाजारू देवचित्रे आपल्या कलाकृतींत चिकटवली होती. म्हणजे उसनवारी करतानाच दोडिया तिची परंपरा उघड सांगतात. नायकाच्या ऐटीतला थट्टेचा सूर वेगळाच. हिशेब मात्र अपुरा राहतो. हॉकनी, खख्खर ओळखू येतात. पोस्टर घडवणाऱ्याचे नाव कलादालनाच्या पाटीवर सहसा येत नाही.