जुन्या गेमिंग पीसीत आधी काय बदलायचे? बजेट एकच, पण नांदेडच्या संगणकाचे उत्तर वेगळे आणि लातूरच्या संगणकाचे वेगळे

सात-आठ वर्षे जुना गेमिंग पीसी अडखळू लागला की मित्र असोत वा दुकानदार, पहिला सल्ला बहुतेकदा एकच मिळतो. 'ग्राफिक्स कार्ड बदल.' कार्ड हा संगणकातला सर्वांत महाग भाग असतो. ते बदलूनही गेम अडखळतच राहिला, तर वीस-बावीस हजार रुपये पाण्यात जातात आणि घरात पुन्हा पैसे मागायला तोंड उरत नाही.

लातूरसारख्या शहरात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. दहावीच्या सुट्टीत घेतलेला संगणक अकरावी-बारावीची दोन वर्षे कापडाखाली झाकलेला असतो. 'नीट' किंवा 'जेईई' संपून प्रवेश झाला की कापड निघते. तोवर गेम पुढे गेलेले असतात आणि संगणक तिथेच राहिलेला असतो.

हा प्रश्न आत्ताच का आला?

२०१६ ते २०१८ या काळात घेतलेल्या संगणकांसाठी २०२५ हे वर्ष अवघड ठरले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत थांबवली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची सोय कंपनीने जाहीर केली. विंडोज ११ साठी मात्र टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा रायझनच्या २००० मालिकेचा, अथवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो.

एनव्हीडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतील कार्डांसाठी नव्या गेमनुसार येणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. आता या कार्डांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची मागणी इतकी वाढली, की मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. 'रॅम स्वस्त आहे, ती आधी टाका' हा जुना सल्ला त्यामुळे पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही.

कोणता भाग इतरांना थांबवून ठेवतो?

लातूरच्या डाळमिलचे उदाहरण घेतले तर मुद्दा लगेच कळतो. तूर भरडणारे यंत्र कितीही मोठे आणले, तरी त्यात तूर सोडण्याचा वेग तोच असेल तर डाळ तेवढीच निघणार. संगणकातही तसेच आहे. प्रोसेसर प्रत्येक फ्रेमची तयारी करतो आणि ग्राफिक्स कार्ड ती फ्रेम रंगवते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. दोघांपैकी जो मागे पडतो, त्याच्यासाठी दुसरा थांबतो. म्हणून सर्वांत जुना भाग कोणता यापेक्षा बाकीच्यांना ताटकळत ठेवणारा भाग कोणता, हे आधी शोधावे लागते.

त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर गेम चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवते. एरवी अडखळणारा गेम अर्धा तास खेळावा आणि आकडे पाहावेत. कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्क्यांवर टिकून असेल, तर कार्डच कमी पडते आहे. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि प्रोसेसरचे एखाद-दोन कोअर शंभराला टेकले असतील, तर नवे कार्डही तसेच रेंगाळेल. मात्र गेममध्ये व्ही-सिंक किंवा फ्रेमची मर्यादा चालू असेल तर ती आधी बंद करावी, नाहीतर आकडे फसवतात.

खात्रीसाठी आणखी एक सोपी चाचणी आहे. गेमचे रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणावे. एफपीएस उडी मारून वाढले तर अडचण कार्डाची आहे. जेमतेम जागचे हलले तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे.

दोन संगणक, दोन निदाने

नमुन्यादाखल त्या काळात सर्रास विकल्या गेलेल्या दोन जोडण्या घेऊ. पहिली नांदेडची समजू. इंटेल आय५-७४००, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०६० चे ३ जीबीचे कार्ड आणि १ टीबीची हार्ड डिस्क. दुसरी लातूरची. रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, जीटीएक्स १०५० टीआय आणि लहानशी एसएसडी. दोन्हीकडे बजेट साधारण वीस हजारांचे.

नांदेडच्या संगणकात आय५-७४०० ला चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत. मोठ्या शहरात घडणारे, गर्दीचे गेम सुरू झाले की चारही कोअर शंभर टक्क्यांवर जातात आणि कार्ड वाट पाहत बसते. इथे नवे कार्ड घेणे म्हणजे भरडण्याचे यंत्र मोठे करण्यासारखे आहे. मग प्रोसेसर बदलावा का? एच११० बोर्डावर इंटेलची सहावी आणि सातवी पिढीच चालते. आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच नावाच्या सॉकेटात बसतात, पण या बोर्डावर चालत नाहीत, आणि इथेच अनेकांची फसगत होते. आय७-७७०० हा या बोर्डाचा जवळपास शेवटचा थांबा आहे. तो आता जुन्या बाजारातच शोधावा लागतो आणि तो टाकला तरी विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेरच राहतो.

त्यामुळे या बोर्डावर मोठा पैसा लावू नये, हे बरे. जे भाग उद्या नव्या संगणकात उचलून नेता येतील, तेवढेच आज घ्यावेत. एसएसडी हा असा भाग आहे. हार्ड डिस्कचा वाचनाचा वेग सेकंदाला १००-१५० एमबीच्या घरात असतो, तर साध्या साटा एसएसडीचा ५०० एमबीच्या वर. तिने एफपीएस वाढत नाहीत. पण गेम लवकर उघडतो आणि नकाशात पुढे जाताना बसणारे झटके कमी होतात. अनेक एच११० बोर्डांवर एम.२ ची जागाच नसते, तेव्हा बोर्ड पाहूनच एसएसडीचा प्रकार ठरवावा. (घरी 'अभ्यासासाठी हवी' असे खरेपणाने सांगता येईल, असा हा बहुधा एकमेव भाग.)

दुसरा भाग म्हणजे रॅमची जोडपट्टी. २४०० वेगाची एक डीडीआर४ पट्टी सेकंदाला १९.२ जीबी माहिती पुरवते. दोन पट्ट्या जोडीने लावल्या की हा आकडा ३८.४ वर जातो. एकाच पट्टीवर चालणाऱ्या संगणकात याचा फरक गेममध्ये जाणवतो. भाव चढे असले तरी ही रॅम वाया जात नाही, कारण रायझन ५ ५६०० सारखे प्रोसेसर आणि इंटेलच्या बाराव्या पिढीचे काही एच६१० बोर्ड डीडीआर४ वरच चालतात. घेताना मात्र बोर्डावर लिहिलेला प्रकार वाचावा. डीडीआर५ वाल्या बोर्डात ही पट्टी बसणार नाही. बजेटमधले उरलेले पैसे प्रोसेसर आणि बोर्ड एकत्र बदलण्यासाठी बाजूला ठेवावेत.

लातूरच्या संगणकाची गोष्ट उलट आहे. रायझन ५ २६०० ला सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत आणि तो विंडोज ११ च्या यादीतही आहे. जीटीएक्स १०५० टीआय मात्र ४ जीबीचे, ऑक्टोबर २०१६ मधले कार्ड. इथे चाचणीत कार्डच ९९ टक्क्यांवर दिसेल. शिवाय 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' यांसारख्या गेमना रे ट्रेसिंग करू शकणारे कार्डच लागते. सेटिंग कितीही खाली आणले तरी ते या कार्डावर चालत नाहीत. म्हणून इथे कार्ड आधी. पुढे प्रोसेसर अपुरा वाटला, तर याच बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसवता येतो. तो अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचा असतो, आणि यूपीएसवर. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो.

कार्डाच्या नावावर जाऊ नये, ते का?

जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबी कार्डांत फक्त मेमरीचा फरक असेल, असे अनेकांना वाटत असे. प्रत्यक्षात ३ जीबीच्या कार्डात कोअरही कमी होते, १२८० च्या जागी ११५२.

आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड २०२२ मध्ये आले. ते पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन वापरते. नव्या, चौथ्या पिढीच्या बोर्डावर हे खपून जाते. एच११० किंवा बी४५० सारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मात्र त्याचा रस्ता निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की झटके बसू लागतात. म्हणजे स्वस्त म्हणून जुन्या संगणकासाठी घेतलेले कार्ड नेमके जुन्याच संगणकात मार खाते. आरएक्स ६६०० ला आठ लेन आणि ८ जीबी मेमरी आहे. ते आरटीएक्स ३०५० पेक्षा वेगवानही आहे.

एसएमपीएस, यूपीएस आणि मे महिना

मराठवाड्यात अपग्रेडची चर्चा इथून सुरू व्हायला हवी, पण होते शेवटी. १०५० टीआय ७५ वॅटमध्ये भागवते आणि ती वीज बोर्डाच्या स्लॉटमधूनच घेते. त्याच्या अनेक मॉडेलना वेगळी वायरही लागत नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि ८-पिनची वायर लागते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलेले असले, तरी ती वायर नसेल तर तो आकडा कामाचा नाही. असला एसएमपीएस जळताना बोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. ८० प्लस प्रमाणपत्राचा, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस हा कार्डाच्याच खर्चाचा भाग धरावा. लातूरच्या संगणकाचे वीस हजार या दोन भागांत मिळून बसवायचे आहेत.

घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. नव्या कार्डानंतर लाइट जाताच तो शिट्टी मारून बंद पडत असेल, तर दोष कार्डाचा नाही. कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग पाहून घ्यावे.

उष्णतेचे गणित सोपे आहे. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या भागांचेही साधारण तेवढेच वाढते. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, आणि पत्र्याच्या किंवा थेट गच्चीखालच्या खोलीत दुपारी काय होते ते सांगायला नको. जीटीएक्स १०६० सारखे कार्ड ८३ अंशांच्या आसपासच वेग आवरू लागते. इंटेलचे त्या काळातले प्रोसेसर १०० अंशांजवळ तेच करतात. डिसेंबरात सुरळीत चालणारा गेम एप्रिलमध्ये अर्ध्या तासानंतर अडखळत असेल, तर भाग जुना झाला असे लगेच मानू नये. कूलरच्या पंख्यात धूळ अडकलेली असते आणि प्रोसेसरवरची पेस्ट सुकलेली असते. साफसफाई आणि नवी पेस्ट हे काम काही शे रुपयांत होते. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये, तिच्यातून पाण्याचे थेंब येतात. छोटा ब्लोअर वापरावा आणि पंखा बोटाने धरून ठेवावा.

एक गंमत अशी, की बऱ्याचदा काहीच बदलावे लागत नाही. मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खोचलेली निघते. किंवा मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो आणि गेम आधीच ९० एफपीएसने चालत असतो.

जुने कार्ड घ्यावे का?

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांना मुंबईपेक्षा हैदराबादचा बाजार जवळचा. तिथले किंवा ऑनलाइन मिळणारे जुने कार्ड बजेटात बसते. पण १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डे जुन्या बाजारात उतरली. जुन्या चिपला नवे नाव चिकटवून विकलेली बनावट कार्डेही फिरतात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी अनेक कार्डे ओळखून तसे नावापुढेच दाखवते. पैसे देण्याआधी हे सॉफ्टवेअर उघडावे, अर्धा तास गेम चालवावा, तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहावा. विकणारा त्याला तयार नसेल तर सौदा सोडावा.

नवे घेताना बिलावर कार्डाचा सीरियल क्रमांक लिहून घ्यावा. संगणकाच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवण्यासाठी 'बिल नको' म्हटले, तर कार्ड बिघडल्यावर वॉरंटी मागताना हातात काहीच नसते. आणि दुकानात जाण्याआधी कॅबिनेटचे झाकण उघडून टेपने आतली जागा मोजावी. तीन पंख्यांची कार्डे ३० सेंटिमीटरच्या आसपास लांब असतात आणि त्या काळातल्या स्वस्त कॅबिनेटमध्ये ती हार्ड डिस्कच्या जाळीला जाऊन अडतात.